बाळ माहेरी, नोंद सासरी: नवजात बाळांच्या घरभेटी कुठे गळतात?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

महाराष्ट्रात दवाखान्यातल्या बाळंतपणांचे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसले. ही मोठी कमाई आहे. तिच्यामागे आशा कार्यकर्त्या, उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका (एएनएम) आणि प्रसूतिकक्षातल्या परिचारिकांचे कष्ट आहेत. पण साध्या बाळंतपणानंतर आई दवाखान्यात दोन-तीन दिवसच राहते. त्यानंतर बाळ घरी असते. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकड्यांनुसार राज्यात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या १६ बाळांपैकी ११ पहिल्या अठ्ठावीस दिवसांतली होती. या दिवसांत बाळाच्या घरी कोण जाते, काय तपासते आणि कुठे जायचे राहून जाते, याबद्दल हे पत्र लिहीत आहोत.

घरभेटींची ही पद्धत महाराष्ट्राच्याच मातीत उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोलीतल्या ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवले आणि त्यांच्याकरवी नवजात बाळांची घरी देखभाल केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ पासून केंद्राने हेच काम देशभरातल्या आशांकडे दिले. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. सिझेरियन झालेली आई उशिरा घरी येते, म्हणून तिथे भेटी सातव्या दिवसापासून धरतात. आजारी नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षातून, म्हणजे एसएनसीयूतून, सुटलेल्या बाळाकडे मात्र घरी आल्यापासून चोवीस तासांच्या आत पोहोचायचे असते.

एका भेटीला नीट केली तर अर्धा-पाऊण तास लागतो. आशेकडे हजार लोकवस्ती धरली, तर राज्याच्या आजच्या जन्मदराने वर्षाला पंधराच्या आसपास बाळे होतात. म्हणजे शंभरच्या आत भेटी, आठवड्याला दोन. एवढे काम आवाक्यातले आहे. तरीही भेट नावापुरती होते, याचे पहिले कारण तपासणीचा क्रम चुकतो हे आहे.

घरात शिरल्यावर पहिल्यांदा कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे आणि हवेवर वाळवायचे. घरातल्या टॉवेलला पुसायचे नाहीत. मग बाळाला हात न लावता आईशी बोलायचे. बाळ दिवसरात्रीत किती वेळा पाजले? आठ ते बारा वेळा पाजायला हवे. लघवी किती वेळा झाली? आठवडाभराच्या बाळाची चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा व्हायला हवी. कालपर्यंत ओढून पिणारे बाळ आज ओढत नाही, असे आई म्हणाली तर पुढचे प्रश्न बाजूला ठेवावेत. बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग शिरल्याची सगळ्यात लवकर मिळणारी खूण बहुधा हीच असते, आणि ती आईलाच आधी कळते.

बाळ झोपलेले किंवा शांत आहे तोवरच श्वास मोजून घ्यायचा. एकदा कपडे काढले की ते रडते, आणि रडत्या बाळाचा श्वास मोजण्यात अर्थ नसतो. पोटावरचे कापड जरा वर करून पोटाचे वरखाली होणे पाहायचे आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे घातक आहे. नवजात बाळ मध्येच पाच-दहा सेकंद श्वास थांबवते आणि मग भराभर घेते. मोजणीचे पंधरा सेकंद नेमके त्या थांबण्यात गेले तर आजारी बाळ ठीक ठरते, भरभर श्वासात गेले तर ठीक बाळ आजारी. मिनिटाला ६० किंवा जास्त भरले तर थांबून पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त आले तर बाळ दवाखान्यात पाठवायचे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजणीची वाटही पाहू नये.

त्यानंतर काखेत थर्मामीटर. टोक काखेच्या मध्यावर, बाळाचा दंड अंगाशी धरून, आवाज येईपर्यंत. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हे ठीक. त्याखाली गेले तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायचे, दोघांवर पांघरूण घालायचे आणि तासाभराने पुन्हा पाहायचे. ३५.५ (९५.९) च्या खाली गेले तर सरळ दवाखाना. नवजात बाळाला संसर्गात ताप येतोच असे नाही, अंग गार पडणे हीही तितकीच वाईट खूण आहे. ‘ताप नाही ना, मग बरे आहे’ या समजुतीने अनेक घरांत एक दिवस फुकट जातो.

कावीळ उजेडातच पाहायची. बाळंतिणीची खोली अजून कित्येक घरांत बंद आणि अंधारी असते, आणि पिवळ्या दिव्याखाली सगळीच बाळे पिवळी दिसतात. बाळ खिडकीशी किंवा दारात आणून कपाळ, छाती, मग तळहात-तळपाय बोटाने दाबून सोडायचे. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ आणि तळव्यांपर्यंत उतरलेली कावीळ या दोन्हींत उन्हात धरून बसण्यात वेळ घालवू नये. नाळ कोरडी असावी. तिच्यावर हळद, राख, तेल काही नको. नाळेभोवतीच्या कातडीवर लाली पसरत असेल किंवा पू येत असेल तर आरोग्यसेविकेला त्याच दिवशी दाखवायचे.

वजन सगळ्यात शेवटी. आशेच्या पिशवीतल्या काट्याची झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, बाळ उघडे ठेवायचे, काटा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा. झोळी रिकामी अडकवून शून्य करायला विसरले तर झोळीचे वजन बाळाच्या खात्यात जाते. दुपट्यासकट तोलले तर दुपट्याचेही जाते. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरणे स्वाभाविक आहे. चौदाव्या दिवशी ते निदान जन्मवजनाला परत आलेले असावे, आणि पुढे रोज वीस ते तीस ग्रॅम वाढावे. चौदाव्या दिवशीही वजन कमीच असेल तर वरचे दूध सुचवण्याआधी समोर बसून एक पूर्ण पाजणे पाहावे. तोंड मोठे उघडे आहे का, खालचा ओठ बाहेर वळला आहे का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, काळा भाग वर जास्त आणि खाली कमी दिसतो का? बहुतेक वेळा दुरुस्ती इथेच निघते.

वजनाबाबत एक गोष्ट दवाखान्यांनाही सांगायला हवी. प्रसूतिकक्षाच्या नोंदवह्या चाळल्या तर २५०० आणि ३००० ग्रॅमवर जन्मवजनांची गर्दी दिसते. २४६० चे २५०० करून लिहिणे घाईच्या पाळीत सहज होते. पण २५०० च्या खालचे बाळ कमी वजनाचे धरले जाते. त्याच्या आईला कांगारू पद्धत शिकवायची असते आणि त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचे असते. चाळीस ग्रॅमच्या या उदारपणामुळे ते बाळ यादीतूनच निघून जाते आणि घरी गेलेल्या आशेला ते कधी कळत नाही. डिजिटल काट्यावर जो आकडा दिसतो तोच कार्डावर यावा.

कमी वजनाच्या बाळासाठी घरी करता येण्यासारखा सगळ्यात परिणामकारक उपाय, म्हणजे ही कांगारू पद्धत, फुकटचा आहे. टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच घातलेले बाळ आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून आणि किंचित वर करून ठेवायचे आणि मऊ सुती कापडाने बांधून घ्यायचे. एका बैठकीला निदान तासभर. दिवसाचे आठ तास तरी भरावेत, जितके जास्त तितके चांगले. आई थकली की आजी किंवा बाप यांनी घ्यावे. घरातल्या एका माणसाने हे डोळ्यांसमोर करून दाखवेपर्यंत शिकवणे झाले असे समजू नये. ओढू न शकणाऱ्या बाळाला आईचे काढलेले दूध बोंडल्याने पाजावे. बाटली नको, आणि मध, घुटी, गुळाचे पाणीही नको.

बोंडले ज्या आजीच्या कपाटात आहे तिलाच खोलीबाहेर बसवून सुनेला सल्ला देणे, ही आमच्या व्यवसायातली जुनी चूक आहे. बाळ दिवसभर त्या आजीच्या हातात असते. तिच्याशी बोलूनच शेगडी आणि धुरी बंद खोलीतून बाहेर न्यावी, नाका-कानात तेल घालणे थांबवावे, पहिली अंघोळ लांबवावी आणि कमी वजनाच्या बाळाला वजन भरेपर्यंत ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. हलक्या हाताच्या मालिशीला कुणाचा विरोध असण्याचे कारण नाही.

आणि आई? बाळाच्या मागे तिची तपासणी हमखास राहते. बाळंतपणानंतरचा रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर जातो, म्हणजे ती दवाखान्यातून घरी गेल्यानंतर. गरोदरपणी दाब नीट असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर झटके येऊ शकतात. आशेकडे रक्तदाबाचे यंत्र नसते. म्हणून तिसऱ्या किंवा सातव्या दिवसाच्या भेटीला आरोग्यसेविकेने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने यंत्र घेऊन बरोबर जावे, असा आमचा आग्रह आहे. १४०/९० किंवा जास्त दाब असेल तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे. १६०/११० झाला, किंवा डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात वरच्या बाजूला दुखते असे ती म्हणाली, तर रुग्णवाहिका. झटका आलाच तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, एकूण १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल स्नायूत, देऊनच पुढे पाठवायचे. ही मात्रा देण्याची मुभा आरोग्यसेविकेला आहे. उपकेंद्रातल्या कुप्यांची मुदत संपलेली नाही ना, हे महिन्याला पाहिले पाहिजे. ताप, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, टाक्यांतून पाणी, स्तनात दुखरी गाठ, आणि झोप लागत नाही, सारखे रडू येते, बाळाला घ्यावेसे वाटत नाही ही तक्रार, या सगळ्यांना भेटीत जागा हवी. शेवटची तक्रार ‘होईल बरे’ म्हणून सोडून देऊ नये.

इथवरचे शिकवता येते, आणि शिकवलेले टिकवताही येते. खरी गळती दुसरीकडे आहे.

पहिले बाळंतपण माहेरी ही आपली रीत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते आणि बाळ सव्वा महिन्याचे, कधी तीन महिन्यांचे होऊन सासरी येते. म्हणजे सहापैकी निदान पाच भेटी माहेरच्या गावात पडतात. पण तिची गरोदरपणाची नोंद, आरसीएच क्रमांक (आई-बाळाचा सरकारी नोंदणी क्रमांक), रक्ताच्या तपासण्या, जोखमीचा शेरा, सगळे सासरच्या उपकेंद्राच्या वहीत असते. सासरची आशा ‘माहेरी गेली’ असा शेरा लिहून मोकळी होते. माहेरच्या आशेला ती बाई यादीत दिसतच नाही. बारशाचे आमंत्रण आले की कळते, तेव्हा बारा दिवस उलटून गेलेले असतात. पहिल्या बाळंतपणात आई नवखी असते, पाजण्याच्या अडचणी सगळ्यात जास्त असतात, आणि नेमके तेच बाळ दोन वह्यांच्या मध्ये पडते. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांत होतात, हे लक्षात घेतले म्हणजे या बारा दिवसांची किंमत कळते.

यावर उपाय अवघड नाही. सातव्या महिन्याच्या तपासणीला ‘बाळंतपण कुठे करणार?’ हा प्रश्न विचारून माता व बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर माहेरचे गाव, तिथले उपकेंद्र आणि तिथल्या आशेचा फोन लिहायचा. गावाचे नाव सांगितले की तालुक्याच्या कार्यालयातून तो फोन मिळायला दहा मिनिटे लागतात. मुलगी निघाली त्या दिवशी सासरच्या आशेने माहेरच्या आशेला फोन करायचा आणि तीन गोष्टी सांगायच्या: अपेक्षित तारीख, हिमोग्लोबिन व रक्तदाब, आणि काही जोखीम. परत येताना माहेरच्या आशेने उलटा फोन करून शेवटचे वजन आणि झालेल्या लसी सांगायच्या. फोन झाल्याची नोंद दोन्ही वह्यांत तारखेसह असावी. कार्ड मात्र आईजवळच राहिले पाहिजे. ‘हरवेल’ म्हणून उपकेंद्रात ठेवून घेतलेले कार्ड बाळाच्या काही कामाचे नाही.

पैशाची रचनाही या रीतीशी जुळत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आशेला एका बाळाच्या सगळ्या भेटींच्या संचासाठी २५० रुपये आहेत आणि ते बेचाळीस दिवस पूर्ण झाल्यावर, कार्डावर जन्मवजन, जन्मनोंदणी आणि लसी पाहून मिळतात. आई विसाव्या दिवशी सासरी परतली तर तीन भेटी एकीच्या, तीन दुसरीच्या. मग ही रक्कम कुणाच्या नावावर घालायची हे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकालाही सांगता येत नाही. भेटीगणिक पैसे दिले, आणि ज्या गावात भेट झाली त्या गावच्या आशेला दिले, तर हा तिढा उरत नाही.

ऊसतोडीच्या टोळ्यांत ही गळती आणखी मोठी होते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली जोडपी दिवाळीच्या सुमारास निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या परिसरात असतात. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, बाळ जन्मले किंवा तीन दिवसांचे बाळ कोपीत आले, तर ते कुठल्या आशेचे? ज्या गावच्या हद्दीत कोप्या आहेत तिथल्या आशेच्या लोकसंख्येत ती धरलेली नसतात. टोळी आठ-दहा दिवसांत दुसऱ्या फडावरही जाते. कारखान्याकडे मुकादमनिहाय टोळ्यांची यादी असते आणि आज कुठली टोळी कुठल्या गावात तोड करते आहे हे शेतकी विभागाला रोज माहीत असते. ती यादी गाळप सुरू होताना आणि पुढे दर आठवड्याला प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळावी. गरोदर आणि बाळंतीण बायकांची नावे मुकादमाकडून घ्यावीत. भेट पहाटे किंवा अंधार पडल्यावर ठेवावी. दिवसा कोपीत कुणी भेटत नाही. वीटभट्ट्यांनाही हेच लागू आहे.

आता शहरे. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ४५ टक्के लोक शहरांत राहत होते. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ ला सुरू झाले. त्यानुसार साधारण ५० हजार लोकवस्तीला एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, दहा-बारा हजारांमागे एक एएनएम आणि वस्तीत एक हजार ते अडीच हजार लोकांमागे एक आशा असायला हवी. खेड्यात जिथे आशेकडे हजार माणसे, तिथे शहरात अडीचपटीपर्यंत, आणि तीही दर अकरा महिन्यांनी खोली बदलणारी. अडीच हजार वस्तीत वर्षाला पस्तीस-चाळीस बाळे धरली तर दोनशेच्या वर भेटी होतात. दाराला कुलूप असेल तर तीच भेट दोनदा. मुंबईत हे काम हेल्थ पोस्ट, म्हणजे महापालिकेची वस्तीतली छोटी आरोग्य केंद्रे, आणि तिथल्या आरोग्य सेविकांवर येते. तिथे अडचण निराळी नाही.

शहरातले बाळ खासगी नर्सिंग होममध्ये जन्मले तर आरोग्य केंद्राला त्याचा पत्ताच नसतो. पण महापालिकेला असतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार (१९६९) दवाखान्याने प्रत्येक जन्माची माहिती निबंधकाला एकवीस दिवसांत द्यायची असते, आणि तीत आई-वडिलांचा पत्ता असतो. एकाच महापालिकेचा नोंदणी विभाग आणि आरोग्य विभाग एकमेकांना ही माहिती वेळेवर देत नाहीत, याला कुठलेही कारण पुरेसे नाही. दवाखान्याने आईला सोडतानाच ही सूचना पाठवावी, तीत ‘इथून पुढे कुठे राहणार’ हा पत्ता आणि फोन असावा, आणि तिची प्रत त्या प्रभागाच्या आरोग्य केंद्राकडे चोवीस तासांत जावी. पिंपरी-चिंचवडच्या नर्सिंग होममधून बाळंतीण थेट साताऱ्याला माहेरी जात असेल तर साताऱ्याला फोन जावा. खासगी डॉक्टरांनीही सुट्टीच्या कागदावर बाळाचे जन्मवजन, सुट्टीच्या दिवशीचे वजन, दिलेल्या लसी (बीसीजी, पोलिओची शून्य मात्रा, हिपॅटायटिस-बीची जन्ममात्रा) आणि आईचा शेवटचा रक्तदाब वाचता येईल अशा अक्षरात लिहावा. आज यातले निम्मे रकाने रिकामे सापडतात.

भाड्याच्या खोल्यांत एकट्या पडलेल्या आईचे हाल वेगळे असतात. खेड्यात निदान शेजार असतो. इथे नवरा पाळीवर, सासू गावी, आणि तिसऱ्या दिवशी आई स्वयंपाकाला उभी. अशा घरी सकाळी अकराच्या भेटीपेक्षा नवरा घरी असताना, संध्याकाळी केलेली भेट उपयोगी पडते. धोक्याची लक्षणे त्याला कळली तर रात्री निर्णय लवकर होतो. त्यासाठी शहरातल्या आशांना आणि एएनएमना कामाची वेळ बदलून मिळाली पाहिजे, आणि वस्तीत संध्याकाळी जाताना जोडीला दुसरी कार्यकर्ती हवी.

बाळ पाठवायची वेळ आली तर चार गोष्टी वाटेतच त्याचा जीव वाचवतात. पाठवण्याआधी पाजावे किंवा काढलेले दूध द्यावे. बाळ आईच्या छातीशी, उघड्या अंगाने, वरून पांघरूण घेऊन न्यावे; गरम पाण्याच्या बाटलीने भाजते. १०२ किंवा १०८ ला फोन केल्यावर लगेच जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत फोन करावा, कारण खाट नसेल तर ते रस्त्यात कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. आणि चिठ्ठीवर वय, जन्मवजन, श्वास, तापमान, शेवटचे कधी पाजले आणि काय औषध दिले हे लिहावे. संसर्गाची लक्षणे असलेल्या बाळाला आरोग्यसेविकेने जेन्टामायसिनच्या इंजेक्शनची पहिली मात्रा देऊन पाठवावे, ही मुभा केंद्राच्या २०१४ च्या सूचनांनी दिलेली आहे. औषध आणि लहान सिरिंज उपकेंद्रात असतील तरच ती मुभा कामाची. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाची सरकारी दवाखान्यातली ने-आण, औषधे आणि उपचार विनामूल्य आहेत. २०११ ला तीस दिवसांपर्यंत असलेली ही सोय नंतर वर्षभराच्या बाळापर्यंत वाढवली गेली. हे कुटुंबाला दारात सांगावे, खर्चाच्या भीतीने बाळ थांबवून ठेवले जाते.

देखरेखीबद्दलही थोडे लिहायला हवे. महिन्याअखेर आशांच्या भेटीचे कागद गोळा होतात आणि भेटी मोजल्या जातात. कागद वाचले जात नाहीत. सगळ्या बाळांचे श्वास ४०, ४०, ४२ आणि सगळ्यांचे तापमान ९८.४ दिसत असेल तर ती भेट घरी झालेली नाही. खऱ्या बाळांचे आकडे ३७, ५१, ४६ असे विस्कटलेले येतात. यात आशेला दोष देण्याआधी तिच्या पिशवीत हात घालून पाहावे. थर्मामीटरचा सेल संपलेला असतो, काट्याची कमान ढिली झालेली असते, घड्याळ बंद असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत सगळ्या आशांच्या काट्यांवर एक किलो मिठाचे सीलबंद पाकीट तोलून पाहिले तर वीस मिनिटांत बिघडलेले काटे सापडतील. ते तिथेच बदलून द्यावेत. गटप्रवर्तकाने महिन्यातून प्रत्येक आशेबरोबर एक भेट प्रत्यक्ष करावी आणि तेच बाळ स्वतः पुन्हा तोलावे. तिला प्रवासभत्ता वेळेवर मिळाला तर ती हे करेल.

आरोग्य विभागाकडे आमच्या मागण्या अशा: भेटीगणिक आणि जिथे भेट तिथल्या आशेला मोबदला, कार्डावर माहेरच्या आशेचा फोन सक्तीचा, जन्माची सूचना दवाखान्यातून चोवीस तासांत राहत्या पत्त्याच्या आरोग्य केंद्राला, मग तो दवाखाना सरकारी असो वा खासगी, आणि पहिल्या आठवड्यात रक्तदाबाच्या यंत्रासह परिचारिकेची एक भेट, गावात आणि शहरात सारखीच. या चारींसाठी नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही. पहिल्या दोन गोष्टींचा आदेश राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग काढू शकतो, तिसरीसाठी नगरविकास विभागाला बरोबर घ्यावे लागेल. चौथीसाठी उपकेंद्रातल्या रिकाम्या जागा भराव्या लागतील आणि आरोग्यसेविकेच्या पाठीवरचे नोंदवह्या व ॲप यांचे दुहेरी ओझे उतरवावे लागेल. एकच माहिती तीन ठिकाणी भरणाऱ्या बाईकडे पाऊण तासाच्या भेटीसाठी वेळ कुठून येणार?

वाचकांपैकी ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत बाळंतपण आहे त्यांना एवढेच सांगणे आहे: बाळ जिथे राहणार आहे त्या गावच्या किंवा प्रभागाच्या आशाताईंचा आणि आरोग्यसेविकेचा फोन आजच घेऊन ठेवा, आणि बाळ घरी आले त्याच दिवशी तो लावा.

आपल्या,
सामुदायिक आरोग्य परिचर्येत काम करणाऱ्या आणि ती शिकवणाऱ्या परिचारिका